एकट्या धनुर्धराचा पंच

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी अमदानीत जो बंधारा घातला गेला, त्याच्यामागे वर्षानुवर्षे साचत गेलेल्या गाळावर आणि त्या गाळात माजलेल्या पाणवनस्पतींवर आज सहस्रावधी पक्षी हिवाळा काढतात. 1986 साली त्या जलाशयाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली, ही हकीकत बहुतेक नाशिककरांना ठाऊक आहे. परंतु त्याच नांदूर मध्यमेश्वरात मृगव्याधेश्वराचे मंदिर आहे, आणि पंचवटीहून सुवर्णमृगाच्या मागे निघालेल्या श्रीरामाने मारीचाला बाण मारला तो याच ठिकाणी, अशी तेथील लोकांची पिढीजात श्रद्धा आहे, याकडे दुर्बीण घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते. ज्या भूमीवर आज पाखराला इजा करणे हादेखील गुन्हा आहे, त्याच भूमीने एकट्या धनुर्धराच्या मृगयेची स्मृती देवळात जतन करून ठेवावी, ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे.

माझे एक स्नेही वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचा भाचा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरी स्थायिक झालेला अभियंता. या दोघांत त्या मंदिराच्या पायरीवर जो वाद सुरू झाला आणि पुढे नाशिकला गंगापूर रस्त्यावरच्या मामांच्या घरी दिवेलागणीपर्यंत चालला, तो मी बाजूला बसून ऐकला, आणि तो लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा वाटल्यामुळे येथे देत आहे. भाचा शरदऋतूत रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतो, तीही धनुष्यबाणाने आणि एकट्याने. आणि प्रत्येक खेपेस छातीच्या पट्ट्याला किंवा टोपीला काड्यापेटीहून थोडा मोठा असा कॅमेरा बांधून पहाटेपासून घडेल ते सारे चित्रित करतो, आणि त्यातले काही लोकांपुढे ठेवतो. मामांची उभी नोकरी शिकार रोखण्यात गेलेली. तेव्हा वाद शिकारीवरूनच होणार अशी माझी अटकळ होती. ती खरी ठरली नाही.

"तुझ्या शिकारीबद्दल मी काही बोलणार नाही," मामांनी आरंभीच सांगून टाकले. "तुझ्या मुलुखात हरणे उदंड, त्यांना खाणारे लांडगे बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झालेले, आणि सरकार हिशेब ठेवून परवाने देते. आपल्याकडेही 1951 साली मुंबई राज्याने वन्यपशू आणि वन्यपक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला तेव्हा परवान्याची सोय होती. 1972 चा केंद्राचा कायदा आला, त्यानेही काही प्राण्यांपुरती ती राखली, आणि 1991 च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. आता आमच्या कायद्यात नुसते मारणे नव्हे, तर जनावर हुसकावणे, त्याला आमिष दाखवणे, तसा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच मोडते. तो इथला कायदा; तिथे तू तिथला पाळतोस, एवढे मला पुरे आहे. माझा आक्षेप त्या छातीवरच्या कॅमेऱ्याला आहे. माणूस एकट्याने रानात जातो तो कशासाठी? आणि जर जायचेच एकट्याने, तर सहस्र लोकांचे डोळे छातीला बांधून का न्यावेत?"

भाचा म्हणाला, "मामा, धनुष्याच्या शिकारीचे चित्रण हे काही माझ्या पिढीने काढलेले खूळ नाही. सॅक्स्टन पोप आणि आर्थर यंग यांनी अमेरिकेत धनुष्याची शिकार पुन्हा रूढ केली. पोप हा डॉक्टर, आणि त्याने ही विद्या घेतली ती इशी नावाच्या, आपल्या जमातीतल्या शेवटच्या उरलेल्या माणसाकडून, जो 1911 साली रानातून बाहेर आला. त्यातल्या यंगने 1920 नंतरच्या दशकात अलास्कात जाऊन धनुष्याच्या शिकारीचा चित्रपट काढला, आणि तो 1926 साली लोकांपुढे आला. शंभर वर्षांची परंपरा आहे ही."

"पण यंग एकटा नव्हता ना?" मामांनी विचारले. "कॅमेरा फिरवणारा जोडीदार बरोबर होता. तो चित्रे काढीत होता हे खरे, पण त्याआधी तो पाहणारा एक माणूस होता. यंगने घायाळ जनावर सोडून दिले असते तर त्या जोडीदाराला ते ठाऊक असते, आणि रात्री शेकोटीपाशी यंगला त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसावे लागले असते. तुमच्या या कॅमेऱ्याने तो दुसरा माणूस काढून टाकला. आमच्या पेठ-सुरगाण्याकडचे पाहा. तिरकमठा घेऊन कोकणा, वारली, भिल्ल रानात जात, ते पुष्कळदा गावाने मिळून. काही जण हाकारे घालीत, काही जण वाटा धरून बसत. कुणाचा बाण कुठे लागला हे लपून राहत नसे. एकटेपणा आणि प्रदर्शन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची सोय त्यांना नव्हती. ती तुम्ही करून घेतलीत."

हा मुद्दा भाच्याला लागला असे दिसले, कारण तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने जे उत्तर दिले ते मला त्या दिवसातले सर्वांत समर्थ उत्तर वाटले. तो म्हणाला, "दुसरा माणूस नाही, म्हणूनच कॅमेरा हवा. तुम्ही पस्तीस वर्षे पंचनामे केलेत. जप्तीच्या वेळी त्या परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच उभे करावे लागत की नाही? तुमचा शब्द खरा असूनही एकट्या तुमच्या शब्दावर कोर्टाने कधी कुणाला शिक्षा दिली नाही, आणि त्यात तुम्हाला अपमान वाटला नाही. मग रानात एकटा असलेला शिकारी स्वतःच्या डोळ्यांवर, स्वतःच्या स्मृतीवर विसंबत नाही, पंच बरोबर नेतो, यात वाईट ते काय?"

"कोर्टाला पटवण्यासाठी पंच होते. तुला कुणाला पटवायचे आहे?"

"आधी मला स्वतःला," भाचा म्हणाला. "आताच्या धनुष्यातून बाण सेकंदाला अडीचशे-तीनशे फूट वेगाने जातो, पण प्रत्यंचेचा आवाज त्याच्याआधी हरणाच्या कानावर पोहोचतो आणि ते दचकून खाली दबते. वीस यार्डांवरही नेम धरला त्या जागी बाण लागेलच असे नाही. तो कुठे लागला यावर पुढचे सारे अवलंबून. फुप्फुसात लागला तर अर्धा तास थांबून माग काढायचा. पोटात लागला तर आठ-दहा तास त्या जनावराला उठवायचे नाही, कारण उठवले तर ते मैलभर जाईल, रक्त गळणार नाही, आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरेल नि तुम्हाला सापडणार नाही. हा निर्णय घेणारा माणूस त्या क्षणी थरथरत असतो. त्याला जे दिसले ते त्याने पाहिलेले असतेच असे नाही. पुष्कळदा जे घडावे अशी इच्छा असते तेच त्याला दिसते."

एवढे बोलून त्याने संगणक उघडला आणि गेल्या हंगामातली एक चित्रफीत लावली. तिचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्यावरच फिरला. पहाटेचा करडा प्रकाश, पानगळीने मोकळ्या झालेल्या ओकच्या फांद्या, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर भिंगासमोर उठणारी वाफ, एवढेच कितीतरी वेळ दिसत होते. बटण दाबायला हात हलला तरी हरीण बिचकते, म्हणून कॅमेरा झाडावर चढल्यापासून चालूच ठेवावा लागतो. थंडीने त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. छातीवर बांधला तर धनुष्य खेचताना हात आडवा येतो, टोपीवर बांधला तर मान हलली की क्षितिज हलते. हे सारे भाचा मधून मधून सांगत होता. मामांचे तिकडे लक्ष नव्हते. ते त्या रिकाम्या तासांत रमले होते. कुठल्याशा खारीचा कर्कश आवाज, दूरवर सुतार पक्ष्याची टकटक ते ऐकत होते. "हे तू कुणाला दाखवतोस?" असे त्यांनी एकदा विचारले, आणि "नाही, हे कोणी बघत नाही" असे उत्तर आल्यावर त्यांनी मान हलवली.

मग हरीण आले. त्या भिंगाचा कोन इतका विस्तीर्ण की वीस यार्डांवरची ती मादी पडद्यावर बोटाच्या पेराएवढी दिसत होती. प्रत्यंचेचा बोथट आवाज झाला, मादी दचकली, काही पावले धावली आणि मग चालू लागली.

"थांबव," मामा एकदम म्हणाले. "मागे घे. आता हळू." त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याला नाक लागेल इतके ते पुढे वाकले. "पाठ बघ. कमानली आहे. शेपूट खाली. छातीत लागले असते तर अशी चालत गेली नसती, सुसाट सुटली असती. पोटात लागलाय हा."

"झाडावर बसून मला वाटले होते की खांद्यामागे लागला," भाचा म्हणाला. "शपथेवर तसे सांगितले असते मी. अर्ध्या तासाने उतरून माग काढायला निघणार होतो. उतरण्याआधी छोट्या पडद्यावर हे पुन्हा पाहिले, तुमच्यासारखीच ती कमानलेली पाठ पाहिली, आणि परत गेलो. बाण हळूच जाऊन उचलला, तर त्याला हिरवट लेप आणि घाण वास. रात्री उशिरापर्यंत थांबलो, मग दिवा घेऊन गेलो. दीडशे पावलांवर, झुडपात निजल्यासारखी पडली होती, उठलीच नव्हती. हा कॅमेरा नसता तर मी तिला सकाळीच उठवली असती, मामा, आणि ती मला मिळाली नसती."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीत त्यांनी फासकीत पाय कापलेली, कुणाच्या तरी छऱ्यांनी आंधळी झालेली जनावरे पाहिली आहेत. येवल्याच्या बाजूला, राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटांवर पाळत ठेवण्याचे काम त्यांनी केले आहे. घायाळ जनावराचे दुःख हा त्यांच्यापुढे तात्त्विक प्रश्न नाही. ते म्हणाले, "हे मान्य. जनावराच्या यातना ज्याने कमी होतात ते उपकरण मला वर्ज्य नाही. या बाबतीत तुझा पंच खरा. आता मला ते दाखव, जे तू लोकांना दाखवलेस."

भाच्याने दाखवले. ती चित्रफीत चार मिनिटांची होती. तिच्यात पहाट होती, वाफ होती, मादीचे येणे होते, बाण सुटणे होते, आणि लगेच, जणू दुसऱ्या क्षणी, दिव्याच्या प्रकाशात हरणाशेजारी गुडघ्यावर बसलेला, समाधानाने बोलणारा तो स्वतः. कमानलेली पाठ नव्हती. हिरवट बाण नव्हता. थांबलेले तास नव्हते.

"हा कुठला पंच?" मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "जबानीतली मधली पाने फाडून दप्तरात लावणाऱ्या कारकुनाला मी निलंबित करवला असता. तुझ्या कॅमेऱ्याने खरे सांगितले, आणि तू त्याला गप्प केलेस. ज्या तरुण मुलाने ही चार मिनिटे पाहिली तो काय शिकला? बाण सोडला की हरीण पडते, एवढेच शिकला. तो उद्या अर्ध्या तासाने झाडावरून उतरेल. आणि दुसरे विचारतो, खरे सांग: कॅमेरा चालू आहे, दिवस मावळतोय, आणि हरीण जरा लांब आहे, जरा तिरके आहे; कॅमेरा नसताना तू जो बाण राखून ठेवला असतास, तो कॅमेरा आहे म्हणून कधी सोडलास का?"

"सोडावासा वाटला आहे," भाचा म्हणाला. "सोडला नाही. पण वाटले आहे, हे खरे."

"तेवढेच मला हवे होते. 2019 च्या जानेवारीत इथे, याच गंगापूर रस्त्याच्या बाजूला, सावरकरनगरात बिबट्या शिरला. जाळी आणि बेशुद्धीची बंदूक घेऊन माणसे काम करू पाहत होती आणि भोवती गर्दी. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. जखमी झालेल्यांत वार्ताहरही होते. चित्र हवे, ही तहान माणसाला जनावराच्या किती जवळ नेते आणि जनावराला किती पिसाळवते, हे साऱ्या शहराने पाहिले. एफ. डब्ल्यू. चँपियन हा आमच्याच खात्यातला, संयुक्त प्रांतातला इंग्रज अंमलदार. त्याने बंदूक बाजूला ठेवून रात्री वाटेवर तार ताणली आणि वाघाकडूनच वाघाचे छायाचित्र काढवले. 1927 साली त्याचे पुस्तक निघाले. त्याने एकाच्या जागी दुसरे घेतले. तुम्ही दोन्ही एकत्र बांधलेत, आणि त्यामुळे बाणाला नेम धरताना भिंगाचीही मर्जी सांभाळावी लागते."

भाच्याने येथे एक गोष्ट सांगितली, ती न्याय्य होती. अमेरिकेतल्या धनुर्धरांना हा धोका कळत नाही असे नाही. पोप आणि यंग यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने विजेवर चालणारे काहीही धनुष्याला जोडू नये असा दंडक बराच काळ पाळला आणि 2014 साली चित्रण करणाऱ्या उपकरणाला सूट दिली ती, त्याने नेम धरण्यास मदत होता कामा नये, या अटीवर. "पण त्यांनी बाणाचा विचार केला," तो प्रांजळपणे म्हणाला, "मनाचा केला नाही. तो नियमाने करता येतही नाही."

"लिओपोल्डने केला होता," मामा उत्तरले. आल्डो लिओपोल्ड हा मामांचा जुना जिव्हाळ्याचा विषय, आणि भाचा ज्या गावी राहतो त्याच गावच्या विद्यापीठात तो शिकवीत असे. स्वतः लाकूड तासून धनुष्ये करणारा, ज्याची पत्नी धनुर्विद्येत राज्याची विजेती होती असा हा वनशास्त्रज्ञ 1948 साली शेजारच्या शेतातला वणवा विझवताना हृदय बंद पडून गेला, आणि त्याचे प्रसिद्ध पुस्तक पुढच्या वर्षी बाहेर आले. रानातल्या माणसाच्या वागण्यावर नजर ठेवायला कोणी नसते, त्यामुळे तिथे त्याचा कस लागतो, असा त्याचा एक विचार आहे. मामा म्हणाले, "हा विचार आपल्याला नवा वाटू नये. दशरथाने शब्दावर बाण सोडला तेव्हा शरयूच्या काठी अंधार होता, पाहणारे कोणी नव्हते. बाण लागला तो मुलाला. राजाने घडा उचलला, आंधळ्या आईबापांकडे स्वतः गेला, आणि तुमचा मुलगा मी मारला असे आपल्या तोंडाने सांगितले, शाप घेतला. आणि मरणाच्या रात्री तीच हकीकत कौसल्येला पुन्हा सांगितली, एक अक्षर न वगळता. तो साक्षीदार मला तुझ्या कॅमेऱ्याहून मोठा वाटतो."

"मलाही वाटतो," भाचा म्हणाला. "पण मामा, दशरथ किती होतात? तुमच्या दप्तरात किती आरोपी आले, ज्यांनी आपण होऊन सांगितले? उलट आपणच काढलेल्या चित्रफितींनी पकडून दिलेले चोरटे शिकारी आता अधूनमधून वाचायला मिळतात. आणि तुमच्या सरकारचाही माणसाच्या शब्दावर भरवसा उरलेला नाही. 1 जुलै 2024 पासून जी नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली, तिच्या 105 व्या कलमाने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले. म्हणजे पंचांच्याही डोक्यावर कॅमेरा आला."

"ते कलम पुरते वाच," मामा शांतपणे म्हणाले. "चित्रण करून थांबायचे नाही, ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. बाजारात मांडायचे नाही, आपल्या सोयीने कापायचे नाही, तर ज्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे त्याच्या हवाली करायचे. तुझ्या चित्रणाचा दंडाधिकारी कोण?"

माझे मत येथे नोंदवतो. या प्रश्नानंतर कॅमेरा असावा की नसावा हा वाद माझ्यापुरता संपला, कारण त्या यंत्राचे पाप-पुण्य ते कुठे बांधले यावर नसून त्याने टिपलेले कुणाच्या हाती जाते यावर आहे, असे मला तेव्हापासून निश्चित वाटते. मामांना प्रिय असलेला तो निःशब्द एकांत मला वंदनीय आहे. परंतु पोटात बाण घेऊन पडलेल्या त्या मादीला त्या एकांताचा काही उपयोग नव्हता, तिला उपयोग झाला तो छोट्या पडद्यावर दिसलेल्या कमानलेल्या पाठीचा, आणि हे मी विसरू शकत नाही. तसेच त्या चार मिनिटांचे समर्थनही मला करता येत नाही. त्यांतला शब्दन्‌शब्द खरा असूनही ती खोटी आहेत.

भाच्याने विचार करून उत्तर दिले. त्याच्या राज्यात नव्या शिकाऱ्यांना परवान्याआधी सुरक्षिततेचे आणि आचाराचे शिक्षण घ्यावे लागते, आणि ते वर्ग तेथील अनुभवी शिकारीच स्वयंसेवक म्हणून चालवतात. "त्यांच्यापैकी दोघा-तिघांना मी ओळखतो. पुढच्या हंगामाआधीच्या वर्गात ही सगळी चित्रफीत देता येईल. बाण कुठे लागला हे आधी मुलांना ओळखायला लावायचे, मग किती थांबणार हे विचारायचे. ते लोक मला फाडून खातील, मामा. एवढ्या कोनात बाण सोडलासच का, हे पहिले विचारतील."

"विचारू दे. काय सांगशील?"

"की हरीण माझ्याकडे तिरके उभे होते आणि मी आणखी थांबायला हवे होते."

"कॅमेरा होता म्हणून थांबला नाहीस?"

"ते मला नक्की सांगता येत नाही. त्यांना तसेच सांगेन."

मामांनी मान डोलावली, आणि मग, जणू एखादे प्रकरण निकालात काढण्यापूर्वी राहिलेला एक कागद मागवावा त्या स्वरात, विचारले, "आणि ती चार मिनिटांची? ती लोकांसमोरून काढून टाकणार?"

"आज हो म्हणत नाही," भाचा म्हणाला. "तिच्याखाली पुष्कळांनी लिहिले आहे, आणि मला ते आवडले आहे. थोडा वेळ द्या."

"घे," मामा म्हणाले, आणि त्यांनी ती मोठी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.